पूर्व भागातील सरकारी प्राथमिक शाळा: निकाल, पट आणि मातृभाषेचा रकाना

मुलीला खासगी इंग्रजी शाळेतून काढून सोलापूरच्या पूर्व भागातील एका सरकारी मराठी शाळेत घातले, त्यामागचे कारण पैशाचे होते. फी, रिक्षामामांचे महिन्याचे पैसे आणि शाळेतूनच घ्याव्या लागणाऱ्या वह्या यांचा मेळ आमच्या घरात बसत नव्हता. आता ती तिसरीत आहे. प्रथम सत्राच्या संकलित मूल्यमापनाचा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा, निकाल पाहून तिच्या वर्गातील काही पालक दाखले काढण्याच्या तयारीला लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव देत नाही, कारण या शाळेला जे लागू आहे ते आजूबाजूच्या पेठांतील अनेक शाळांना लागू असणार.

खर्चाच्या बाबतीत कसलीही तक्रार नाही. पुस्तके आणि पोषण आहार मोफत मिळतो आणि खिचडी मुले आवडीने खातात. ज्या घरात विडीचे काम चालते त्यांनी केंद्राची विडी कामगारांच्या पाल्यांसाठीची शिष्यवृत्तीही जरूर मागावी. पहिली ते चौथीसाठी ती वर्षाला १००० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन भरावा लागतो.

खरा प्रश्न निकालाचा आहे. तिसरी-चौथीत प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ६० आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्गातील तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय यांचे असतात आणि ४० संकलित परीक्षेचे. त्यांच्या बेरजेवर श्रेणी ठरते. ८१ ते ९० गुणांना अ-२, ७१ ते ८० ना ब-१, याप्रमाणे ती उतरत जाते. या रचनेत मुलाने वर्षभर केलेले काम मोजले जाते, हे मला पटते. मात्र एकाच वर्गात परिसर अभ्यास आणि कला या विषयांत चांगली श्रेणी मिळवणारी मुले मराठी वाचनात आणि गणितातील संख्यालेखनात अडखळतात, तेव्हा श्रेणीचे अक्षर पालकाला काहीच सांगत नाही. पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, अशी अपेक्षा आहे. आमच्या वर्गातील बरीच मुले त्याच्या पुष्कळ अलीकडे आहेत. मुलांचे वाचन आणि गणित तपासणारी ‘असर’ ही पाहणी ग्रामीण भागापुरती असल्यामुळे तिच्यावरून शहरातील आपल्या मुलांची स्थिती कळत नाही.

प्रारंभी माझे मत असे होते की, दोष शिक्षकसंख्येचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक असतात. पट ६१ वरून ६० वर आला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दोन शिक्षकांना चार इयत्ता जोडवर्ग करून सांभाळाव्या लागतात. त्यातच संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, आधार वैध असलेलीच मुले मोजली जात असल्याने, ज्यांच्या आडनावातील एखादे अक्षर आधारवर वेगळे पडले आहे अशी मुले वर्गात रोज बसूनही हिशेबात येत नाहीत. तेलुगु आणि कन्नड आडनावांच्या बाबतीत हे फार होते. दाखला काढू पाहणाऱ्या पालकांनी हे गणित ध्यानात घ्यावे. तुमचे मूल गेल्याने मागे राहिलेल्या मुलांचा शिक्षकही जाऊ शकतो.

शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून काम करू लागल्यावर माझे मत पालटले आणि अडचण घरच्या भाषेची आहे हे लक्षात आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रवर्गनिहाय पटाचा फलक आहे. त्यावर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागास वर्ग, अल्पसंख्याक, खुला, आणि प्रत्येकात मुले व मुली, असा हिशेब असतो. योजनांसाठी तो आवश्यकच आहे. पण वाचन का अडते, हे त्यावरून उमगत नाही. विशेष मागास प्रवर्गाच्या एकाच रकान्यात घरी तेलुगु बोलणारे पद्मशाली कुटुंब आणि घरी मराठी बोलणारे कोष्टी कुटुंब शेजारी बसते. अल्पसंख्याकांच्या रकान्यातील बहुतेक मुले घरी दख्खनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलतात. अक्कलकोटकडून आलेली कन्नड घरे दोन-तीन रकान्यांत विखुरलेली आहेत. शहरात उर्दू, कन्नड आणि तेलुगु माध्यमाच्या शाळा असूनही पुढच्या शिक्षणाचा विचार करून ही घरे मराठी माध्यम निवडतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता गणिताचे पाहा. तेलुगुत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ आणि कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. मराठीत पाच आधी ऐकू येतात. त्यामुळे बाईंनी ‘पंचवीस’ म्हटल्यावर तेलुगु घरातील मूल ५२ लिहिते, आणि उत्तरपत्रिकेत ते गणिताचे अज्ञान म्हणून नोंदले जाते. दख्खनी बोलणाऱ्या मुलांची ही चूक होत नाही, कारण त्यांच्याकडेही ‘पच्चीस’ असेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या संख्यांसाठी ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादाच्या तपशिलात मी जात नाही, पण आमच्या वर्गातील मुलांकडे पाहून अशा वाचनाचे महत्त्व मला पटले आहे.

मला सर्वाधिक खटकते ते असे की, घरच्या भाषेची ही माहिती शाळेकडे आहे. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषा लिहिली जाते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती उतरते, यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या माहितीत ती भरली जाते. इतक्या ठिकाणी लिहिलेली गोष्ट निकालपत्रकाच्या शेजारी कधीही ठेवली जात नाही. समितीच्या बैठकीत मी मागणी केली की, वर्गाचा निकाल मातृभाषेनुसार आणि उपस्थितीनुसार वेगळा करून दाखवावा. मुख्याध्यापकांनी सहानुभूतीने ऐकले आणि विहित नमुन्यात तसा रकाना नसल्याचे सांगितले. मग लेखी अर्ज वरच्या कार्यालयात दिला. तेथून उत्तर आले की, माहिती विहित नमुन्यातच सादर करावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. मी माध्यम बदलण्याची मागणी केलेली नाही. आपल्यासमोर कोणती मुले बसली आहेत हे शिकवणाऱ्याला आकड्यांत दिसावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्याला नमुन्याची अडचण सांगितली जाते याचा मला मनापासून राग आहे.

या सगळ्यात तिसरीच्या वर्गशिक्षिका बाईंनी जे केले त्याने मला फार आनंद झाला. त्यांनी रजिस्टरवरून प्रत्येक मुलाची घरची भाषा स्वतःच्या वहीत उतरवून घेतली आणि संख्यालेखनाच्या चुका त्याच वहीत भाषेनुसार मांडल्या. उलट लिहिलेले अंक कोणत्या घरांतून येतात, हे तेथे लगेच दिसले. आता त्या आधी दशकाचे मणी मांडतात, मग सुटे, आणि त्यानंतर संख्येचे मराठी नाव घेतात. चौथीतील तेलुगु मुलींना त्या तिसरीच्या मुलांशेजारी बसवून गोष्ट आधी तेलुगुत सांगायला लावतात आणि मग तोच धडा मराठीत वाचून घेतात. पूर्वी वर्गात तोंड न उघडणारी मुले दिवाळीनंतर प्रश्न विचारू लागली आहेत. माझ्या मुलीचे वाचन यात मागे पडले नाही. गोष्ट दोन भाषांत ऐकून ती घरी येऊन तेलुगु वाक्ये म्हणून दाखवते.

उपस्थितीचा भाग राहतो. विड्या वळून त्या कारखान्यात पोहोचवण्याच्या वेळी धाकट्या भावंडांकडे पाहायला मोठी मुलगी घरी थांबते, आणि गैरहजेरीच्या यादीत तिसरी-चौथीच्या मुलीच अधिक दिसतात. बाईंनी सांगितल्यावर दोन आयांनी आपापसांत वेळ वाटून घेतली आणि त्यांच्या मुली आता नियमित येतात. शाळेच्या हाती याहून अधिक काही आहे, असे मला वाटत नाही.

मी मुलीला चौथीपर्यंत येथेच ठेवणार आहे. या बाईंची बदली झाली किंवा त्यांना पुन्हा निवडणुकीच्या कामाला लावले, तर वहीतील काम पुढे कोण चालवणार, याची काळजी मात्र आहे. त्यासाठी ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी आणि प्रत्येक सत्राच्या निकालासोबत समितीपुढे मांडावी, असा ठराव पुढील बैठकीत मी आणत आहे. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. मूल दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत पाठवले जाईल या भीतीने अनेक जण अर्जात मातृभाषा म्हणून मराठी लिहितात. घरी जी भाषा बोलता तीच तेथे लिहा. मातृभाषा वेगळी आहे एवढ्यावरून मराठी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.