पलूसजवळची वाइनरी: शेनिन ब्लां सरस, शिराझ कोमट

तासगावच्या बेदाण्यावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना पलूस परिसरातील या वाइनरीत जानेवारीच्या गार सकाळी प्रथम उमगते ते हे, की खाण्याची थॉमसन आणि वाइनची शिराझ ही द्राक्षे स्वभावानेही वेगळी आहेत. चाखलेल्या वाइनपैकी शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन सर्वांत सरस होती. थंड रात्रींमुळे द्राक्षात टिकून राहणारी आम्लता तिच्यात स्पष्ट जाणवली आणि साधारण १० अंशांपर्यंत गार करून दिल्याने तिचा ताजेपणा अधिकच खुलला. शिराझ मात्र कोमट आली. रेड वाइन १६ ते १८ अंशांवर द्यावी, एवढे तरी पाळले जावे. उपाहारगृहातील अख्खा मसूर (वाइनसोबत मसूर, हे आधी हास्यास्पदच वाटले होते) तिच्याशी छान जमला, परंतु तो येण्यास पाऊण तास लागला.