डायनेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रगत समष्टी अर्थशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं होतं, आयएस-एलएमच्या (व्याजदर आणि उत्पन्न यांचा मेळ दाखवणाऱ्या) त्याच दोन रेषा आणखी जरा वाकवायच्या असतील. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, असाइनमेंट डायनेअरवर, म्हणजे अर्थव्यवस्थेची मॉडेलं संगणकावर सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करायचं. जुलैपासून ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे.

डायनेअर फुकट मिळतं, पण एकटं चालत नाही. सोबत मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर त्याच्यासारखंच ऑक्टेव्ह. मेसचे पैसे भरताना बोटं मोजणाऱ्याने मॅटलॅबचं लायसन्स घेण्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्टेव्ह फुकट आहे, जरा हळू चालतं, एवढंच. माझे पहिले दोन दिवस मात्र फुकट गेले, कारण घाईत ऑक्टेव्हची भलतीच आवृत्ती टाकली होती. आधी सूचना वाचल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

काम असं चालतं: एका फाइलमध्ये चलं (बदलणाऱ्या राशी), धक्के, प्राचलं (स्थिर धरलेले आकडे) सांगायची, मग मॉडेलची समीकरणं लिहायची. डायनेअर स्टेडी स्टेट, म्हणजे धक्के नसताना सगळं जिथे स्थिरावतं ती अवस्था, काढतं, तिच्या आसपास मॉडेल सोडवतं आणि तंत्रज्ञानाला धक्का बसल्यावर उपभोग, भांडवल कसं हलतं याचे आलेख समोर ठेवतं. किडलँड आणि प्रेस्कॉट यांनी १९८२ साली मांडलेल्या व्यापारचक्राच्या मॉडेलचं साधं रूप तीसेक ओळींत बसतं. फळ्यावर तेच सोडवायला दोन तास आणि अर्धा डस्टर जातो.

आता माझं रडगाणं. पुस्तकी पद्धतीने मी उत्पादनाच्या समीकरणात आजच्या भांडवलासाठी 'के' लिहिलं आणि भांडवलाच्या समीकरणात पुढच्या काळासाठी 'के(+1)'. रन केलं, तर लाल अक्षरात ब्लँचार्ड-कान अटी (मॉडेलला एकच स्थिर उत्तर असण्याच्या अटी) पूर्ण होत नाहीत म्हणे. समीकरणं तपासली, बीटा (उद्याच्या सुखाला आज दिलेलं वजन) तपासला, सेमिकोलन मोजले. तीन रात्री. शेजारच्या टेबलवर एमपीएससीवाला पोरगा पॉलिटीचे प्रश्न सोडवत होता. एकदा वाकून बघत म्हणाला, "दादा, हे कोणत्या परीक्षेला असतं?" काय सांगणार!

चूक तारखेची होती. डायनेअरमध्ये चलाला तारीख मिळते ती त्याचा निर्णय कधी झाला त्यावरून. आज कारखान्यात वापरलं जाणारं भांडवल काल ठरलेलं, म्हणून उत्पादनात 'के(-1)' हवं. मी ते न लिहिल्यामुळे डायनेअरने भांडवलालाही उपभोगासारखं आज वाटेल तिकडे उडी मारू शकणारं चल धरलं. उड्या मारणारी चलं जितकी, तितकीच एकापेक्षा मोठी आयगेनमूल्यं (मॉडेल स्थिर अवस्थेपासून दूर पळतं की परत येतं ते सांगणारे आकडे) लागतात. माझ्याकडे एक कमी पडत होतं. साचलेला साठा आणि आजचा निर्णय यांतला फरक वर्गात चार वेळा ऐकला होता. डोक्यात शिरला तो त्या तिसऱ्या रात्री. (पुस्तकी पद्धतच हवी असेल तर भांडवल पूर्वनिर्धारित चल म्हणून जाहीर करायची आज्ञाही आहे. हे मला सप्टेंबरात कळलं.)

तेव्हापासून एक सवय लावून घेतली: स्टेडी स्टेट आधी कागदावर काढायची. भांडवलाचा वाटा ०.३३, बीटा ०.९९, तिमाही घसारा ०.०२५ आणि श्रम एकावर स्थिर धरले, तर ऑयलर समीकरणातून (आज खर्चायचं की उद्यासाठी ठेवायचं याचा तोल सांगणाऱ्या) भांडवल साधारण २८.३५ येतं, उत्पादन ३.०२ आणि उपभोग २.३१. स्क्रीनवर हेच आकडे दिसले की पुढे जायचं. नाही दिसले, तर आलेख कितीही देखणे असोत, बंद करून चहाला जायचं.

सगळ्यात मजा आली ती मौद्रिक धोरणाच्या मॉडेलमध्ये. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा. साध्या न्यू-केन्सियन (किमती लगेच बदलत नाहीत असं धरणाऱ्या) मॉडेलमध्ये व्याजदराच्या नियमातला महागाईचा गुणक मी १.५ ठेवला, सगळं सुरळीत. गंमत म्हणून ०.९ केला, तर पुन्हा तीच लाल अक्षरं. महागाई एक टक्क्याने वाढली आणि बँकेने दर त्याहून कमी वाढवला, तर महागाई वजा करून उरणारा खरा व्याजदर उलट घसरतो आणि लोकांनी जी महागाई अपेक्षिली ती स्वतःच खरी ठरू शकते. महागाईपेक्षा दर जास्त वाढवावा हे टेलर तत्त्व परीक्षेपुरतं पाठ होतं, इथे एक आकडा बदलून ते मोडून बघता आलं.

तक्रार आहे ती मॉडेलमधल्या त्या कुटुंबाबद्दल. ते अमर आहे, हवं तेव्हा कर्ज काढतं आणि उपभोग आयुष्यभर सपाट ठेवतं. आमच्या घरी सोयाबीन काढणीला पाऊस आला की आईच्या पाटल्या गहाण पडतात, आणि सोनं संपलं की कर्जही संपतं. तिथे ऑयलरची बरोबरी उरत नाही, असमानता होते. नेहमीची रेषीय पद्धत कर्जाची ही मर्यादा पकडत नाही, कारण ती कधी लागू होते, कधी नाही. त्यासाठी डायनेअरमध्येच ऑकबिन नावाची सोय आहे.

सध्या मी तिच्याशी झटतोय. काल रात्री अभ्यासिकेच्या काकांनी दिवे घालवले तेव्हा पाटल्या गहाण पडल्या होत्या, सोडवायच्या राहिल्या आहेत.