बोटीचा तळ, तीन किलो पुट्टी आणि माझे ४,६०० डॉलर

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे नदी दिसली की हात शिवशिवतात. शेवटी मी आणि माझ्या साडूंनी मिळून एक जुनी जेट बोट घेतली. साडेचार मीटरची, अ‍ॅल्युमिनियमची, आत गाडीचं व्ही-सिक्स इंजिन. ज्यांनी ही बोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिला खाली पंखा नसतो. तळाला एक तोंड असतं, त्यातून पाणी ओढून मागच्या नळीतून जोरात फेकतात. गुडघाभरसुद्धा पाणी नसलेल्या, गोट्यांनी भरलेल्या इथल्या नद्यांत जाता यावं म्हणून बिल हॅमिल्टन या मेंढपाळ-इंजिनियरने १९५४ च्या सुमारास आयरिशमन क्रीक या आपल्या मेंढ्यांच्या फार्मवर ती घडवली. खाली काही लोंबत नाही म्हणून सगळी मदार तळावर. तळ बिघडला की बोट बिघडली.

आमची बोट शांत तळ्यात ताशी ७० च्या पुढे जाईना, आणि नाक खाली दाबून धावायची. ओळखीतून एक जण मिळाला. घरामागच्या शेडमध्ये काम करणारा, बोलायला लाघवी. त्याने दोन फुटी लेव्हल तळाला, मागच्या टोकाजवळ लावली आणि खालून टॉर्च मारला. फटीतून उजेड दिसला. "हा बघ हुक. तळ मागे आत वाकलाय. पाणी शेपूट उचलतं, नाक दाबतं. हा पत्रा कापून ५ मिलीमीटरचा नवा टाकतो, खाली स्ट्रेकच्या पट्ट्या जोडतो. दहा किलोमीटर वाढतील, वळणावर चिकटून चालेल."

यातलं शास्त्र खरं होतं, आणि घोळ तिथेच झाला. हुक असला की बोट नाक खाली घालते, वेग मरतो, हे मी आधीच वाचलं होतं. माझं वाचलेलं त्याच्या तोंडून आलं आणि मला वाटलं, माणूस जाणकार.

४,६०० डॉलर ठरले. "रोख दिलेस तर जीएसटीचे पंधरा टक्के वाचतील." इथे याला कॅशी म्हणतात. मला तेव्हा ते फारच हुशारीचं वाटलं. बायकोने विचारलं, "पावतीवर काय लिहिलंय?" दोन शब्द होते: 'हल वर्क', म्हणजे बोटीच्या सांगाड्याचं काम. ना पत्र्याची जाडी, ना कुठला भाग बदलला, ना वेल्डिंग. मधला एकही फोटो नाही. साडू म्हणाले, "जाऊ दे हो, माणूस चांगला वाटतोय." माझंही तेच मत होतं, उगाच त्यांच्यावर ढकलत नाही.

तीन आठवड्यांनी तो आम्हाला वायमाकारीरी नदीवर घेऊन गेला. तळ काळाकुळकुळीत रंगवलेला, आरशासारखा. जीपीएसवर ७९ दिसले. आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो आणि तिथेच उरलेले पैसे मोजून दिले.

आता ते ७९ कसे आले ते ऐका. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतं, पाण्यातला नाही. आम्ही प्रवाहाच्या दिशेने चाललो होतो. पुढच्या रविवारी मी त्याच जागी, तेवढ्याच वजनाने, एकदा खाली आणि एकदा वर गेलो: ७९ आणि ६५. म्हणजे खरा वेग ७२. आणि हे वरचे दोन? त्याने टाकीतलं पेट्रोल जवळजवळ संपवून आणलं होतं आणि साडूंना "काठावरून व्हिडिओ काढा" म्हणून उतरवलं होतं. साठ लिटर पेट्रोल म्हणजे पंचेचाळीस किलो, वर साडू. वजन उतरलं, वेग चढला. तळाचा संबंधच नाही. दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी पैसे देण्याआधी काढली नाहीत.

पुढचं आणखी वाईट. वळण घेताना इंजिन एकदम किंचाळायचं. फेऱ्यांचा काटा ४,२०० वरून ५,००० वर, आणि बोट मात्र ढिली पडायची. जेटमध्ये पाण्याऐवजी हवा जात होती. स्ट्रेक म्हणजे तळाला लांबीभर जोडलेल्या त्रिकोणी पट्ट्या. त्यांच्या कडेने आणि शेवटाशी पाण्यात हवा मिसळते, म्हणून मधल्या पट्ट्या तोंडाच्या बऱ्याच आधी थांबवतात आणि तोंडापुढचा तळ गुळगुळीत मोकळा ठेवतात. याने त्या तोंडापासून वीतभरावर आणून सोडल्या होत्या. शोभेच्या.

चौथ्या फेरीला तळाचा एक पापुद्राच निघाला. एका म्हाताऱ्या वेल्डरकडे बोट नेली. त्याने स्क्रू ड्रायव्हरची मूठ तळावर आपटत नेली. पुढे टण्, टण्, टण्. मागे आल्यावर थप्. "पुट्टी," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलायची गरज उरली नाही. पत्रा कापलाच नव्हता. जुन्या खळग्यात गाडीला भरतात ती पुट्टी भरून वर रंग मारला होता. खरवडल्यावर त्याने दोन मीटरची सरळ पट्टी लावून खळगा मोजला: ३ मिलीमीटर, तिथेच, जसाच्या तसा. निघालेली पुट्टी मी पिशवीत भरून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ३ किलो २०० ग्रॅम. बोट जड करून घ्यायला मी ४,६०० डॉलर मोजले होते.

इथे १९९३ चा ग्राहक हमी कायदा आहे, काम वाजवी कौशल्याने व्हायला हवं असं तो म्हणतो. छोट्या दाव्यांच्या डिस्प्यूट्स ट्रिब्युनलमध्ये वकील चालत नाहीत, आपली बाजू आपणच मांडायची. मी पुट्टीची पिशवी घेऊन गेलो. तो शेडवाला शांतपणे म्हणाला, "तळ सपाट करून द्यायचं ठरलं होतं, मी केला." नवा पत्रा ठरला होता, हे दाखवायला माझ्याकडे 'हल वर्क' हे दोन शब्द. वेल्डरचं लेखी मत होतं म्हणून निदान १,२०० वर तडजोड झाली, सहा हप्त्यांत.

दोन हप्ते आले. तिसऱ्याची तारीख गेल्या महिन्यात होऊन गेली. म्हाताऱ्या वेल्डरने मात्र नव्या कामाचा अंदाज लिहून दिलाय: पत्र्याचा ग्रेड ५०८३, जाडी, कुठून कुठपर्यंत कापणार, स्ट्रेक तोंडाच्या किती आधी थांबणार, सगळं. खाली जीएसटीसुद्धा वेगळा दाखवलाय. पिशवी अजून गॅरेजमध्ये आहे, बायको टाकू देत नाही.