लांबच्या प्रवासात डॉक्सीसायक्लिन : मला कशी मानवली

पंधरा दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाला मलेरियाची प्रतिबंधक गोळी घ्यायला फार समजवावं लागत नाही. खरा प्रश्न महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांना पडतो. इतके दिवस रोज औषध घ्यायचं? तिथले लोक कुठे घेतात? मी हे सगळं डॉक्टरांशी सविस्तर बोलले आणि डॉक्सीसायक्लिन घेऊन निघाले. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत बराच काळ ती रोज घेतली, त्यावरून हे लिहितेय.

"राहून राहून अंगाला सवय होते," असं वाटेत भेटलेल्या मुरलेल्या प्रवाशांनी मला अनेकदा सांगितलं. कृपा करून हे ऐकू नका. तिथे लहानाचे मोठे झालेल्यांना पुन्हापुन्हा आजारी पडून थोडी प्रतिकारशक्ती येते, पण ती अर्धवटच असते. तिची किंमतही भयंकर आहे, कारण आफ्रिकेत मलेरियाने जाणाऱ्या दर चार जणांतली साधारण तिघं पाच वर्षांखालची मुलं असतात. आपल्या काही महिन्यांच्या मुक्कामात तेवढंही संरक्षण मिळत नाही. आणि तिथला बहुतेक मलेरिया फॅल्सिपेरमचा, म्हणजे मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीचा. उपचाराला उशीर झाला तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततो.

मग डॉक्सीच का? मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला सोयीची वाटते. पण तिने काहींना भयानक स्वप्नं पडतात, घबराट होते, नैराश्य येतं. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मला पूर्वी चिंतेचा त्रास होऊन गेलाय, त्यामुळे तो पर्याय तिथेच संपला. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल बहुतेकांना सोसते आणि परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. थोड्या दिवसांसाठी मी तीच घेईन. पण महिनोन्‌महिने घ्यायची तर खर्च फार चढतो. डॉक्सी स्वस्त आहे, आणि मुरुमांसाठी लोक ती महिनोन्‌महिने घेत आले आहेत, यानेही मला धीर आला.

डोस साधा : 100 मिलीग्रॅम, रोज एक, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून. घ्यायची पद्धत मात्र कटाक्षाने पाळावी लागते. पोटात काहीतरी असताना, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आमच्यातल्या एकीने झोपताझोपता घोटभर पाण्यावर गोळी घेतली. ती अन्ननलिकेतच अडकून तिथे व्रण झाला. नंतर कितीतरी दिवस बिचारीला साधा घास गिळताना छातीत कळ यायची. मी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायचे. सुरुवातीची थोडी मळमळ सोडली तर पोटाने कुरकुर केली नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर डॉक्सी नीट शोषली जात नाही.

उन्हाचं मात्र गांभीर्याने घ्या. बसमध्ये खिडकीकडे बसले तर त्याच बाजूचा हात लाल होऊन चुरचुरायचा, काच बंद असली तरी. ज्या किरणांमुळे ही गोळी त्वचेला त्रास देते, ते यूव्हीए किरण काचेतून येतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे आणि यूव्हीए अडवणारं सनस्क्रीन लागतंच. सनस्क्रीन आधी, डासांचं मलम त्यावर. बायकांना योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यावरचं औषध सोबत असू द्या. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्सी देत नाहीत.

मध्येच बंद करावी का, हाही प्रश्न येतो. अदिस अबाबासारख्या उंचावरच्या शहरात मलेरिया नाही. पण धोक्याचा भाग सोडल्यावरही ही गोळी चार आठवडे चालू ठेवावी लागते, कारण यकृतात दडलेल्या परजीवींवर तिचा भरवसा नाही. ते रक्तात उतरले की ती त्यांना गाठते. तेव्हा थोडे दिवस उंचावर असाल तर बंद करण्यात अर्थ नाही. परतल्यावरचे हे चार आठवडे सर्वांत कंटाळवाणे असतात आणि नेमके तेच बरेच जण गाळतात.

माझं मत : लांबच्या प्रवासाला, ऊन सांभाळायची तयारी असेल तर, डॉक्सी उत्तम. पुरेशा गोळ्या निघतानाच घ्या, काही ठिकाणी बाजारात बनावट औषधं मिळतात. मच्छरदाणी आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मलम हवंच, कारण कुठलीच गोळी शंभर टक्के नाही. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने दबा धरून बसतो आणि डॉक्सी त्याला तिथून काढत नाही. म्हणून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना आधी प्रवासाचं सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ताप उतरत नसेल तर पुन्हा तपासायला लावा.