नवी आर्केड मशिनं: पुढून खेळून आणि मागचं दार उघडून

गोरेगाव पूर्वेला बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये करमणूक उद्यानं आणि त्या उद्योगाच्या आयएएपीआय या संघटनेचं अम्युझमेंट एक्स्पो भरतं, तेव्हा नवी आर्केड मशिनं एकाच छताखाली हाताळायला मिळतात. सगळी फ्री प्लेवर, म्हणजे नाणं न टाकता, एसी हॉलमध्ये, नव्याकोऱ्या कॉइलसह आणि पुसलेल्या सेन्सरसह. अशा अवस्थेत सुमार मशीनही झकास खेळतं. तेच मशीन सांगली किंवा अकोल्याच्या गेम झोनमध्ये मे महिन्यातल्या रविवारी सलग आठ तास चालायचं असतं. म्हणून स्टॉलवर दोन डाव खेळून झाले की सरळ किल्ली मागायची आणि दार उघडून घ्यायचं. किल्ली द्यायला का-कू करणाऱ्या स्टॉलवर जास्त वेळ घालवू नये.

सुरुवात क्रेन मशीनपासून, म्हणजे पंज्याने बक्षीस उचलायच्या मशीनपासून, कारण छोट्या गेम झोनचा गल्ला बहुतेक वेळा यावरच भरतो. सेगाने जपानात १९८५ मध्ये यूएफओ कॅचर आणलं, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही: वरच्या रुळांवर पुढेमागे आणि आडवी सरकणारी गाडी, तिला दोरीने टांगलेला पंजा आणि पंज्याच्या आत तांब्याची कॉइल. कॉइलमधून करंट गेला की आतला दांडा ओढला जातो आणि बोटं मिटतात. करंट किती द्यायचा हे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो. उचलताना जोरात पकड, वर पोहोचल्यावर सैल, अशी वेगवेगळी सेटिंग मेन्यूत असतात. बक्षीस किती खेळांमागे एकदा द्यायचं तेही तिथेच.

हा आकडा स्टॉलवाल्याला विचारून ठेवू नका, आपला आपण काढा. एक खेळ ५० रुपयांना, टेडीची खरेदी २०० रुपये आणि बक्षिसांवर उत्पन्नाच्या ३० टक्के खर्च धरला, तर एका टेडीमागे साधारण ६६७ रुपये यायला हवेत. म्हणजे १३-१४ खेळांत एक. मेन्यूत १४ टाकायची सोय आहे का, की फक्त १०, २०, ३० असे ठरावीक टप्पे आहेत, ते बघा. टप्पे असलेल्या बोर्डावर एक तर गिऱ्हाईक नाराज होतं, नाहीतर मालक.

आता खरी कसोटी. पंजा सलग ४० वेळा चालवायचा आणि मग कॉइलच्या टोपीला बोट लावून पाहायचं. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध जवळपास २० टक्के चढतो आणि व्होल्टेज तेवढंच असेल तर करंट सहाव्या हिश्श्याने घटतो. ओढ त्याहूनही जास्त कमी होते. सकाळी पहिल्या डावाला कान धरून वर येणारा टेडी संध्याकाळी त्याच सेटिंगवर अर्ध्या वाटेत घसरतो, तो यामुळे. पोरं म्हणतात मशीन फसवतं. प्रत्यक्षात कॉइल दमलेली असते. काही नव्या बोर्डांत करंट स्थिर ठेवणारं सर्किट येतं, त्यांत हा फरक बराच आटोक्यात राहतो. दोन मशिनांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर हे सर्किट असलेलंच घ्यावं, बाहेरच्या रंगीत लाइटांवर जाऊ नये.

दोरी कप्पीवरून जाते तिथे तिचे धागे सुटतात. ती दहा मिनिटांत बदलता येते का, की अख्खी गाडी खाली उतरवावी लागते, हे दाखवायला सांगा. रुळांच्या टोकाला गाडी तिथे पोहोचल्याचं बोर्डाला कळवणारे लिमिट स्विच असतात. पंजा कोपऱ्यात नेऊन टिक् असा आवाज येतो का ऐका. स्विच दबला नाही तर मोटर ढकलत राहते आणि बोर्ड एरर दाखवून अडकतो. बक्षीस पडायच्या खिडकीत इन्फ्रारेड सेन्सर असतो. एकच किरण असेल तर छोटी किचेन त्याला चुकवून खाली जाते, बोर्ड समजतो बक्षीस गेलंच नाही आणि लवकरच पुन्हा एक देतो. किचेन दहा वेळा टाकून बघा. दहाही मोजल्या गेल्या पाहिजेत.

बास्केटबॉलचं मशीन छोट्या जागेसाठी आमच्या मते सर्वांत भरवशाचं. नियम समजवावे लागत नाहीत, डाव मिनिटाभराचा, शेजारी माणूस उभा करावा लागत नाही. बिघडणाऱ्या जागा दोनच. एक, रिंगखालचा सेन्सर: पत्र्याची झडप असेल तर वाकते, किरण असेल तर हात घालून गुण चोरता येतात. वर-खाली दोन किरण आणि वरचा आधी तुटला तरच गुण, अशी रचना उत्तम. दुसरी, चेंडू अडवणारं फाटक: डाव संपल्यावर ते उठताना एखादा चेंडू त्याखाली चेंगरतो, मोटरचा गिअर तिथेच दात टाकतो. मुद्दाम चेंडू अडकवून पाहा. शहाणं मशीन फाटक मागे घेऊन पुन्हा प्रयत्न करतं.

एअर हॉकीत बघायचं थोडकंच. पक, म्हणजे खेळायची चकती, टेबलाच्या मध्यावर नुसता ठेवायचा, ढकलायचा नाही. तो स्वतःहून एका बाजूला सरकत राहिला तर आधी पाय लेव्हल करून घ्यायचे. तरीही सरकला तर पृष्ठभाग वाकलाय. ब्लोअरची हवा खेचायची जाळी बाहेरून काढता आली पाहिजे, कारण धूळ तिथेच साठते आणि पक जड होतो.

बंदुकीच्या मशिनात केबल मुठीतून बाहेर येते तो इंचभर भाग तपासा. तारा नेमक्या तिथे तुटतात, कारण मुलं बंदूक गरागरा फिरवतात. केबलला तिथे लवचिक रबरी बाही आणि आत प्लगचा जोड असेल तर तुटलेली केबल सोल्डरिंग न करता बदलता येते. रेसिंगमध्ये पेडल किती दाबलं ते मोजणारा पोटेन्शियोमीटर झिजला की पाय काढला तरी गाडी हळूहळू पुढे जाते. टेस्ट मेन्यूत कॅलिब्रेशन आहे का आणि पेडल सोडल्यावर आकडा दर वेळी एकाच जागी येतो का, हे पाच वेळा दाबून बघा.

खेळून जिंकलेल्या, बक्षिसांवर बदलायच्या तिकिटांच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: कोकण आणि मुंबई पट्ट्यात नवं मशीन घेताना कागदी तिकिटांपेक्षा कार्डवर जमा होणारी तिकिटंच धरावीत. दोन तिकिटांमधली खाच सेन्सर मोजतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, त्याचा भुसा सेन्सरवर बसतो आणि मोजणी चुकते. कार्ड रीडर मात्र बोर्डाशी जुळला पाहिजे. स्वाइप केल्यावर रीडर नाण्याच्या लाइनवर एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक इशारा, पाठवतो. ती फार छोटी असेल तर बोर्डाला दिसतच नाही, फार लांब असेल तर बोर्ड नाणं अडकलं असं समजतो. आपला रीडर सोबत न्यावा, २० वेळा स्वाइप करावा, क्रेडिट बरोबर २० आलं पाहिजे.

व्हीआरच्या (व्हर्च्युअल रिॲलिटी) हलणाऱ्या खुर्च्यांपुढे गर्दी भरपूर जमते, पण हिशेब मांडून पाहा. चार मिनिटांची राइड, पट्टा बांधणं, हेडसेट बसवणं आणि पुसणं यात आणखी तीन. तासाला आठ फेऱ्या, दोन खुर्च्यांवर जास्तीत जास्त १६ माणसं, आणि एक कामगार पूर्ण वेळ तिथेच. मॉलमध्ये हे जमतं. तालुक्याच्या गावी पहिल्या सुट्टीनंतर थंड पडतं. घ्यायचीच असेल तर राइड चालू असताना लाल इमर्जन्सी बटण दाबून बघा. खुर्ची धक्का न देता थांबली पाहिजे आणि बटण सोडल्यावर आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये.

नाणी ढकलून पाडायचं कॉइन पुशर कितीही आकर्षक वाटलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ (पूर्वीचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा) निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो आणि या मशिनात कौशल्य किती, हा वादाचा मुद्दा आहे.

विजेकडे सगळेच दुर्लक्ष करतात. आयात मशिनांना चपट्या पिनांचा प्लग असतो आणि स्टॉलवर तो स्वस्तातल्या अडॅप्टरमधून लावलेला दिसतो. अशा अडॅप्टरमध्ये पुष्कळदा अर्थिंग पुढे जातच नाही आणि पत्र्याच्या कॅबिनेटला ओल्या हातांची मुलं बिलगलेली असतात. मशीन बंद करून प्लग काढायचा, मल्टिमीटरचं एक टोक अर्थिंगच्या पिनेला आणि दुसरं कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावायचं. रीडिंग एक ओहमच्या आत यायला हवं. आपल्याकडच्या गोल तीन पिनांचा प्लग कंपनीकडूनच बसवून मागा. ११० व्होल्टचं मशीन असेल तर ट्रान्सफॉर्मर दरात धरलाय का ते लिहून घ्या, आणि पॉवर सप्लायच्या बाजूला व्होल्टेजचा छोटा स्विच असेल तर तो २३० वर आहे याची स्वतः खात्री करा.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर मांडलेली मशिनं सवलतीत निघतात. ती तीन दिवस अखंड खेळलेली असतात, तेव्हा कॉइल, दोरी आणि बटणांचे मायक्रोस्विच नवे घालून मागावेत. सुटे भाग भारतातल्या गोदामात आहेत की बाहेरून येणार, हे कोटेशनवरच लिहून घ्यावं. खोक्यासह माप घेऊन आपल्या लिफ्टच्या दाराशी ताडून पाहावं. आणि ज्या मशीनवर हात फिरवला त्याचाच सीरियल नंबर बिलावर टाकून घ्यावा.