सहा चाकांची टिरेल, पुठ्ठ्यातून: एका कागदी प्रतिकृती-संचाचे परीक्षण

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा) उठली त्या आठवड्यात मी या संचाची पाने छापून आणली आणि सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, शेवटचे चाक आसावर बसवले. मधल्या तीन महिन्यांत रोज रात्री तास-दीड तास या कामाला दिला. ‘टिरेल पी-३४’ या सहा चाकांच्या शर्यतीच्या गाडीची १:२४ प्रमाणातील ही प्रतिकृती एका परदेशी छांदिष्टाने संगणकावर रेखाटली असून घरगुती वापरासाठी ती विनामूल्य उतरवून घेता येते. सुट्या भागांची सोळा पाने, जोडणीच्या आकृत्यांची सहा पाने आणि मजकूर जवळजवळ नाही, असे तिचे स्वरूप आहे. बनवून पूर्ण झालेली गाडी साधारण अठरा सेंटिमीटर लांब भरते. हा संच मला मनापासून आवडला. त्यातील दोन-तीन उणिवा मात्र आधी ठाऊक असत्या, तर माझी निदान पंधरा दिवसांची मेहनत वाचली असती. त्यासाठीच हे परीक्षण तपशिलाने लिहीत आहे.

मूळ गाडीची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण संचातील प्रत्येक अवघड भाग त्या गाडीच्या कल्पनेतूनच आलेला आहे. केन टिरेल हे मूळचे लाकडाचे व्यापारी होते आणि त्यांचा फॉर्म्युला वन संघ इंग्लंडमधील लाकडाच्या वखारीच्या आवारातून चालत असे. त्यांचे अभिकल्पक डेरेक गार्डनर यांनी असा विचार केला की, पुढची मोठी चाके वाऱ्याला अडवतात आणि गाडीचा पुढचा भाग उचलू पाहतात. ती इतकी लहान केली की दीड मीटर रुंदीच्या नाकामागे झाकली जातील, तर हा अडथळा कमी होईल. लहान चाकाची रस्त्यावरची पकड मात्र कमी पडते, म्हणून दोनाऐवजी चार चाके द्यायची. अशा रीतीने पुढे दहा इंची रिमची चार आणि मागे नेहमीची दोन चाके असलेली गाडी १९७६ च्या हंगामात उतरली. १३ जून १९७६ रोजी स्वीडनमधील आंडरस्टॉर्पच्या शर्यतीत जोडी शेक्टर पहिले आणि पॅट्रिक डेपाये दुसरे आले. या गाडीचा तो एकमेव विजय ठरला. लहान टायर याच एका गाडीला लागत असल्यामुळे त्यांची सुधारणा इतर टायरांच्या गतीने झाली नाही आणि १९७७ नंतर ही गाडी शर्यतीतून गेली. संचातील गाडी १९७६ ची, निळ्या रंगाची, शेक्टर यांच्या तीन क्रमांकाची आहे.

पहिली अडचण छपाईची आली. घरातल्या इंकजेट यंत्राची शाई गोंदाच्या ओलाव्याने पसरते, म्हणून मी नवी पेठेतील एका डिजिटल छपाईच्या दुकानात गेलो. तेथील मुलाने सवयीप्रमाणे ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवून सर्व पाने छापली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक मोजरेषा दिलेली आहे. ती मी घरी आल्यावर मोजली, तेव्हा साडेअठ्ठेचाळीस भरली. तीन टक्क्यांनी काय बिघडणार, सगळेच भाग सारखे लहान झाले असतील तर ते एकमेकांत बसतीलच, असे वाटून मी काम सुरू केले आणि तेथेच फसलो. कागदावरची आकृती लहान होते, पण पुठ्ठ्याची जाडी लहान होत नाही. आतल्या सांगाड्याच्या खाचा एक मिलिमीटर जाडीसाठी आखलेल्या होत्या. त्या आवळ झाल्या आणि सांगाडा बसवताना फाटला. दुसऱ्यांदा मी दुकानातच पट्टी लावून मोजरेषा तपासली आणि ‘मूळ आकार’ या पर्यायावर पाने काढून घेतली. हे काम छपाईचे पैसे देण्यापूर्वीच करावे.

कागदाच्या निवडीबाबत संच फक्त वजनाचे आणि जाडीचे आकडे देतो. बाह्य अंगासाठी २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा कागद), इंजिनाच्या बारीक भागांसाठी १२० जीएसएम आणि सांगाड्यासाठी एक मिलिमीटर पुठ्ठा, एवढीच माहिती आहे. दुकानदार अशा वेळी चकचकीत आर्ट कार्ड पुढे करतात. ते टाळावे, कारण त्याचा लेप घडीवर फुटतो आणि गोंदही नीट धरत नाही. लग्नपत्रिकांच्या कागदांत लेप नसलेला मॅट कागद मिळतो. मी त्यातला २२० जीएसएमचा निवडला आणि तो उत्तम ठरला. सांगाड्यासाठी वह्या-पुस्तके बांधणारे जो कप्पा बोर्ड वापरतात तोच घ्यावा, फक्त त्याची जाडी तपासून घ्यावी. एक मिलिमीटर म्हणून मिळालेला माझा एक बोर्ड प्रत्यक्षात ०.९ निघाला. एका थरात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांच्या बाबतीत तो फार महागात पडतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

जाडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागदातील तंतूंची दिशा, आणि याबद्दल संचात एक अक्षरही नाही. ती मला शिकवली आमच्या वाड्यातल्या एका काकांनी. त्यांचे सारे आयुष्य पूर्व भागातील चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डे मारण्यात गेले. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर येते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळेमुळे. जेथे छिद्र असते तेथील ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो, जेथे नसते तेथील खालीच राहतो. कार्ड वाकडे झाले किंवा दमटपणाने फुगले, तर छिद्र जागा सोडते आणि नक्षी चुकते. त्यामुळे पुठ्ठ्याचा स्वभाव ओळखणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. माझे नळीसारखे वळवायचे भाग मध्येच मोडत असलेले पाहून त्यांनी एक पान हातात घेतले, दोन्ही दिशांनी हळूच वाकवून पाहिले आणि म्हणाले, “पुठ्ठ्यालाबी अंग असतंय बघ. अंगाच्या बाजूनं वळव, मग ऐकतंय.” कागद ज्या दिशेने सहज वळतो त्या दिशेने गोलाई यायला हवी, हा त्याचा अर्थ. डिजिटल छपाईच्या मोठ्या तावावर दोन पाने आडवी बसवली की तंतूंची दिशा उलटी होते आणि माझ्या पहिल्या छपाईत हाही घोटाळा झालेला होता. दुसऱ्या वेळी मी ए-फोर आकाराचाच, लांबीच्या दिशेने तंतू असलेला कागद देऊन छपाई करून घेतली. त्यानंतर चालकाच्या बैठकीभोवतीचा गोलाकार भाग एकदाही मोडला नाही.

या संचाची खरी बुद्धिमत्ता नाकाच्या रचनेत दिसते. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो, वाटीसारखा दोन्ही दिशांनी फुगत नाही. ही मर्यादा कोणत्याही युक्तीने नाहीशी करता येत नाही, तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. या गाडीचे रुंद नाक पुढच्या कडेला गोलसर असून दोन्ही टोकांना मागे वळते. आराखडाकाराने त्याची लांबट पाकळ्यांत फोड केली आहे. प्रत्येक पाकळी वेगळी वळवून, मागून पातळ कागदाच्या पट्टीने शेजारच्या पाकळीला कडेला कड लावून जोडायची. एकावर एक चिकटवण्याच्या टॅबमुळे जी पायरी दिसते, ती येथे दिसत नाही. पाकळ्यांच्या फटींचा हिशेब इतका अचूक आहे की, माझ्या दुसऱ्या प्रयत्नात सांध्यावरून नख फिरवले तरी ते अडखळले नाही. कापण्यापूर्वी पानांवर पारदर्शक लॅकरचा हलका फवारा मारावा, घडीची रेघ शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यावी आणि कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच निळ्या रंगाचा हात फिरवावा. कागदाची पांढरी कड उघडी राहिली, तर कितीही अचूक जोडलेली गाडी खेळण्यासारखी दिसते.

आता चाके. प्रत्येक टायर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकमेकींवर चिकटवून तयार करायचा आहे. पुढच्या चाकाला नऊ आणि मागच्याला अठरा, म्हणजे सहा चाकांसाठी एकूण बहात्तर चकत्या कापाव्या लागतात. पुढच्या चाकाची दहा इंची रिम या प्रमाणात जेमतेम साडेदहा मिलिमीटर व्यासाची होते आणि इतक्या लहान वर्तुळावर कटर फिरवताना हात थोडा जरी थरथरला तरी कंगोरा उरतो. ०.९ मिलिमीटरच्या बोर्डातून केलेल्या माझ्या पहिल्या मागच्या चाकाची रुंदी अठराऐवजी सोळा मिलिमीटरच भरली. रिमची छापील पट्टी टायरबाहेर डोकावू लागली आणि ते चाक टाकून द्यावे लागले. शिवाय फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यातला असल्याने एका वेळी सगळे थर लावले की चकत्या फुगतात. मी तीन-तीन चकत्या चिकटवून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवल्या आणि मग ते गठ्ठे एकत्र केले. तयार चाकाच्या कडेत फेविक्विक मुरवले की पुठ्ठा लाकडासारखा कडक होतो. मग सळईवर चढवून बारीक पॉलिश पेपरवर फिरवल्यास टायरला खरी गोलाई येते. फेविक्विक मुरवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण त्याची वाफ डोळ्यांत झोंबते. ही सगळी रीत मला चुकत-चुकत सापडली. संचात चाकांसाठी एकच आकृती आहे. सहा चाकांच्या गाडीच्या संचाने चाकांकडेच सर्वांत कमी लक्ष द्यावे, हे मला खटकले.

इंजिनाच्या बाबतीत याच आराखडाकाराने कमालीची काळजी घेतली आहे. मूळ गाडीत फोर्ड-कॉसवर्थचे डीएफव्ही हे तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन होते. १९६७ मध्ये पहिल्याच शर्यतीत जिंकलेल्या या इंजिनाने पुढे १५५ फॉर्म्युला वन विजय मिळवले. त्याची ओळख म्हणजे वर उघडी दिसणारी हवेची आठ कर्णेदार तोंडे. संचात ती १२० जीएसएम कागदाच्या अर्धचंद्राकृती तुकड्यांतून वळवायची आहेत. दात कोरण्याच्या काडीवर गुंडाळून, ओल्या बोटाने तोंड किंचित बाहेर उमलवले की, आठही एकसारखी येतात. धुराड्याच्या नळ्या दोन्ही बाजूंना चार-चार असून त्या मागे एकेका नळीत मिळतात. त्यांच्या आत बारीक तांब्याची तार घालावी, असे आकृतीत सुचवले आहे. तारेमुळे वळण हवे तसे देता येते आणि नंतरही टिकते. या नळ्यांच्या गुंफणीत मी सलग चार रात्री घालवल्या आणि त्या साऱ्या कामातील सर्वांत आनंदाच्या रात्री होत्या. मागचे पंख, आरसे आणि आसनाचे पट्टे यांत विशेष अडचण येत नाही.

हवामानाविषयी दोन शब्द लिहायला हवेत. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पांढरा गोंद इतक्या लवकर सुकतो की, लांब सांधा पूर्ण जुळवण्यापूर्वीच त्याचे पहिले टोक धरलेले असते. पंखा बंद ठेवून सकाळी सहा-सातच्या सुमारास काम केल्यास हा त्रास बराच कमी होतो. पावसाळ्यात याच कामाला उलट अडचण येईल, म्हणून तयार भाग डब्यात झाकून ठेवावेत.

दोन वेळच्या छपाईसह मला एकूण साडेसहाशे रुपये खर्च आला. छपाई एकदाच झाली असती, तर तो साडेचारशेच्या आत राहिला असता. कटर, कटिंग मॅट आणि पोलादी पट्टी माझ्याकडे आधीच होती. शाळकरी मुलांनी या संचापासून सुरुवात करू नये. ज्याने आधी चार-दोन साध्या कागदी इमारती किंवा गाड्या जोडल्या आहेत आणि ज्याला धारदार पाते सांभाळता येते, त्याला हा संच पेलेल. आकृत्यांतील भागांचे क्रमांक दोन ठिकाणी चुकले आहेत. नवव्या पानावरील ४१ आणि ४३ हे भाग उजव्या-डाव्या बाजूंचे असून त्यांची अदलाबदल झाली आहे. ते चिकटवण्यापूर्वी कोरडेच जुळवून पाहावेत.

शेवटची तक्रार खिडकीबद्दल आहे. मूळ गाडीत चालकाला पुढची लहान चाके दिसावीत म्हणून बैठकीच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक झरोके ठेवलेले होते. या गाडीचे हे अगदी खास वैशिष्ट्य असूनही संचात त्या जागी केवळ करडा चौकोन छापला आहे. मी तो चौकोन कापून काढला, आतून ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटचा तुकडा लावला आणि त्यासाठी सांगाड्याच्या दोन पट्ट्या मागे सरकवल्या. आता एका डोळ्याने आसनाच्या बाजूने पाहिले की, झरोक्यातून पुढच्या चाकाचा काळा काठ दिसतो. आराखडाकाराने पुढच्या आवृत्तीत एवढा बदल केला आणि चाकांसाठी दोन आकृत्या वाढवल्या, तर दहापैकी आज मी देत असलेले आठ गुण वाढवायला मला आनंद वाटेल.