बिटएक्स ४० आणि घरगुती वायरीचा इन्व्हर्टेड व्ही : एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांचं बिटएक्स, म्हणजे घरी बांधता येणाऱ्या रेडिओ सेटचं डिझाइन, हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींना नव्याने सांगायला नको. त्यातला ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडचा तयार बोर्ड २०१६ मध्ये आला. सगळे एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक) पार्ट लावलेले, सोबत रडुइनो, म्हणजे आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर आणि एसआय५३५१ ही क्लॉक चिप यांचा डिजिटल व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग). डबा, स्पीकर, कनेक्टर आणि अँटेना आपले आपण बघायचे. असे बोर्ड अजूनही हातोहात फिरतात, सर्किट खुलं असल्यामुळे दुरुस्तीही घरी होते, म्हणून आज लिहायला हरकत नाही. इथली जोडणी अशी: १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी, पत्र्याचा डबा, गच्चीवर आठ मीटर उंचीवर मधलं टोक असलेला इन्व्हर्टेड व्ही (दोन्ही बाजू खाली उतरणारी तारेची अँटेना) आणि पंधरा मीटर आरजी-५८ कोअॅक्स केबल.

निकाल आधीच सांगतो. बोर्ड कुरकुर करत नाही. कुरकुर करतं ते आपण त्याला जे जे जोडतो, ते.

सुरुवात सप्लायपासून. उलटा प्लस-मायनस बोर्डाला सहन होत नाही. सिरीजमध्ये डायोड टाकला तर अर्धा-एक व्होल्ट जातो आणि तेवढी पॉवर पडते. त्यापेक्षा २ अँपिअरचा फ्यूज आणि फ्यूजच्या पुढे, बोर्डाच्या बाजूला, सप्लायला आडवा, उलट्या दिशेने १एन५४०८ डायोड बरा. वायरी उलट्या लागल्या की फ्यूज उडतो, बोर्ड वाचतो. प्लगसाठी अडॅप्टरचा गोल डीसी जॅक वापरू नका. रिसिव्हला दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट असतो तोवर काही जाणवत नाही, पण बोलताना सव्वा-दीड अँपिअर ओढला की सैल जॅकवर व्होल्टेज पडतं आणि प्रत्येक शब्दाला डिस्प्ले मंद होतो. समोरचा म्हणतो, आवाज तुटतोय. दोष मात्र लोक माइकमध्ये शोधत बसतात.

फायनलला, म्हणजे शेवटच्या पॉवर अॅम्प्लिफायरला (पीए), आयआरएफ५१० मॉसफेट आहे. त्याचा टॅब म्हणजे ड्रेन, तेव्हा डब्याच्या पत्र्यावर उष्णता द्यायची असेल तर मायका आणि प्लॅस्टिकचा बुश लागतोच. बायस, म्हणजे गप्प असतानाचा करंट, लावण्याची रीत: अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर झेलणारे रेझिस्टर), प्रीसेट आधी पूर्ण कमीवर, पीएच्या सप्लाय वायरीत मिलिअँपिअर मीटर. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबा, गप्प राहा आणि प्रीसेट अगदी सावकाश फिरवत १०० मिलिअँपिअरवर थांबा. एवढ्यावर काम संपत नाही. थोडा वेळ बोलून हीटसिंक गरम झाल्यावर पुन्हा बघा, कारण तापल्यावर हाच आकडा वर चढतो. मे महिन्यात बंद डब्यात तो फारच चढत असेल तर थंड असताना ८० वर ठेवावा. आवाजात फरक कळत नाही.

बदली मॉसफेट घेताना मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, ‘आयआरएफ५४० घ्या, जास्त दणकट आहे’ हा सल्ला हमखास मिळतो. घेऊ नका. ५१० ची इनपुट कपॅसिटन्स साधारण १८० पिकोफॅरड, ५४० ची १७०० च्या आसपास. ड्रायव्हर तेवढा बोजा ओढू शकत नाही आणि बोर्डाच्या सात वॅटचे एक-दोन वॅट होतात.

डमी लोड घरीच करा: १ किलोओहमचे, १ वॅटचे, कार्बन किंवा मेटल फिल्मचे वीस रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० ओहम, २० वॅट. वायरवाउंड चालणार नाहीत, ते आरएफला कॉइलच असतात. लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की पॉवर मीटर तयार. मीटरवरच्या डीसी व्होल्टेजमध्ये ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभराने भागा. २६ व्होल्ट आले की सात वॅट. माइकपुढे लांब शिट्टी मारून मोजायचं. बोलताना मल्टिमीटरचा आकडा धरता येत नाही. परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समिटचे सगळे प्रयोग याच लोडवर.

पीएला वेगळे २४ व्होल्ट देऊन वीस वॅटच्या घरात जाता येतं. करून बघण्यासारखं आहे, ठेवण्यासारखं नाही. सातावरून वीस म्हणजे साडेचार डेसिबल, समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिटसुद्धा (सहा डेसिबल) नाही. त्या बदल्यात मोठा हीटसिंक, दुसरी बॅटरी आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बिघडला की जळणारा मॉसफेट. शंभर वॅटच्या रिगपुढेही सात वॅट जेमतेम दोन एस-युनिट मागे असतो. तेवढं अंतर अँटेनाची उंची आणि शांत बँड भरून काढतात.

रिसिव्हर कानाला गोड आहे, पण एजीसी (आवाज आपोआप सांभाळणारं सर्किट) नाही. हळू स्टेशन ऐकण्यासाठी आवाज वाढवावा आणि तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला हॅम बोलू लागला की हेडफोन काढून फेकावासा वाटतो. हेडफोनच्या वायरीत १०० ओहम आणि त्यापुढे उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ हा दहा रुपयांचा उपाय करून टाका. ट्यूनिंगचा साधा पॉट फार नाजूक आहे. त्याच्या एका फेरीत ५० किलोहर्ट्झ येतात, म्हणजे केसभर हललं की आवाज बदकासारखा होतो. दहा फेऱ्यांचा पॉट टाकला की हा वैताग संपतो. कॅलिब्रेशनसाठी रात्री ७.२०० मेगाहर्ट्झच्या वरचं ब्रॉडकास्ट स्टेशन धरा. ही स्टेशनं पाचच्या पटीतल्या किलोहर्ट्झवर असतात. त्याच्या कॅरियरची (मूळ लहरीची) शिट्टी शून्यावर आणून डिस्प्ले जुळवायचा. (आपला बँड ७.०००–७.२००, म्हणजे वर फक्त ऐकायचं.)

आता तार. तांब्याची, पीव्हीसी आवरणाची दीड एमएमची घरगुती वायर उत्तम. सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ ला २०.१४ मीटर, प्रत्येक बाजू १०.०७. पण आवरणामुळे आणि बाजू खाली झुकल्यामुळे प्रत्यक्षात कमी लागते. तरीही १०.२० कापून सुरुवात करा. नॅनोव्हीएनए या खिशातल्या अँटेना-मापकावर सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर ६.९२ ला दिसला, तर १०.२० गुणिले ६.९२ भागिले ७.१०, उत्तर ९.९४. दोन्ही बाजू दहा-दहा सेंटिमीटरने कमी केल्या की हा सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरचा बिंदू, म्हणजे रेझोनन्स, अंदाजे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. जादा वायर कापू नका. दुमडून तिच्याच अंगाला घट्ट पिळा. पुढे जागा बदलली तर उपयोगी पडते.

फीड पॉइंटला, म्हणजे तार आणि केबल जुळतात तिथे, चोक (केबलच्या बाहेरून येणारा आरएफ अडवणारी गुंडाळी) हवाच. ४३ मटेरियलचा एफटी२४० फेराइट रिंग महाग वाटला तर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर आरजी-५८ चे सोळा फेरे शेजारी-शेजारी, सहा मीटर केबल. चोक नसेल तर आरएफ केबलच्या जाळीवरून घरात येतो आणि माइकमध्ये शिरतो. त्याची खूण अशी: डमी लोडवर आवाज स्वच्छ, अँटेनावर घोगरा आणि बोलणं थांबलं तरी पॉवर शून्यावर येत नाही. माइकला आडवा १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने निम्मा फरक पडतो, उरलेला चोकने. केबल टीव्हीची आरजी-६ स्वस्त म्हणून वापरता येते, ७५ ओहम असली तरी बोर्डाला चालते. मात्र तिची अॅल्युमिनियमची जाळी सोल्डर धरत नाही, एफ कनेक्टर क्रिंपच करावा लागतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा या वरच्या जोडाची. पाऊस चालू असताना रेझोनन्स वीस-तीस किलोहर्ट्झ खाली येतो आणि वायर वाळली की परत जातो. ते नैसर्गिक आहे. घाबरायचं कधी? एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तेव्हा. बँडभर सपाट १.३ दिसू लागला आणि स्टेशनं मात्र हळू झाली, तर पाणी केबलच्या जाळीत उतरलंय. केबलच पॉवर खाते, परत काही येत नाही, म्हणून मीटर खूष. खात्री करायची तर वरचं टोक सोडवून उघडं ठेवा आणि खालून रिटर्न लॉस (पाठवलेली पॉवर परत येताना किती घटली) मोजा. पंधरा मीटर चांगल्या आरजी-५८ ला ७ मेगाहर्ट्झवर सव्वा डेसिबलच्या आसपास यायला हवा. तीनच्या वर गेला की केबल फेका. टोकाचा हातभर तुकडा कापून भागत नाही, कारण पाणी जाळीतून केशिकेसारखं चढतं-उतरतं, आणि कापलेल्या जागी तांबं काळं दिसलं तर पुढेही तसंच असतं.

जोड बंद करायला हॉट ग्लू नको. तो तांब्याला आणि केबलच्या आवरणाला नीट चिकटून राहत नाही, उन्हाळ्यात सुटतो आणि पहिल्याच सरीला पाणी आत ओढतो. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप खालून वर, निम्मा एकमेकांवर चढवत, त्यावर साधी काळी टेप. जोडाखाली केबलला एक झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. दोरी पॉलिएस्टरची घ्या. बाजारातली स्वस्त नायलॉन एका उन्हाळ्यात पांढरी पडून तुटते. वळवाच्या दिवसांत क्यूआरएन (विजांचा खरखराट) इतका असतो की ऐकण्यासारखं काही नसतंच. तेव्हा केबल सेटवरून काढून घराबाहेर ठेवणं शहाणपणाचं.

सात वॅटला काय मिळतं? दिवसा या उंचीची तार आकाशाकडेच जास्त फेकते, त्यामुळे तीनशे-चारशे किलोमीटरपर्यंतची स्टेशनं सहज येतात आणि आपलंही ऐकू जातं. सकाळच्या गप्पांत नंबर लागतो. रात्री स्किप (लहर आकाशातून परत खाली येते ते अंतर) लांबतो, शेजारच्या बँडवरच्या ब्रॉडकास्टवाल्यांचा गोंगाट वाढतो आणि सात वॅटवर हाका मारत बसावं लागतं. शहरात एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर आणि सोलर इन्व्हर्टर यांचा आवाज बँडवर कायम पसरलेला असतो. बोर्डाला एस-मीटर नाही, तरी लोडशेडिंग सुरू झालं की फरक कानाला कळतो. महावितरणला धन्यवाद देण्याची अशी संधी विरळा.

हातात तयार शंभर वॅटची रिग असेल तर हा बोर्ड दुसरी म्हणून घ्या. सीडब्ल्यू (मोर्स) हवं असेल तर मूळ स्वरूपात तो ते करत नाही. त्यासाठी बदल करावे लागतात. जवळ ठेवायचे सुटे भाग थोडेच आहेत: दोन अस्सल आयआरएफ५१०, एक एलएम३८६ (आवाजाचा अॅम्प्लिफायर), रडुइनोवरच्या रेग्युलेटरसाठी ७८०५ आणि मूठभर २ अँपिअरचे फ्यूज. तो ७८०५ डिस्प्लेच्या बॅकलाइटमुळे चटका बसेल इतका तापतो. त्याला छोटा हीटसिंक पहिल्याच दिवशी लावा.